हातमोज्यावरील अक्षरे

युरोप खंडाच्या ईशान्य भागात, बाल्टिक समुद्राच्या काठी, एस्टोनिया नावाचा एक लहानसा देश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ सातव्या हिश्श्याएवढे. आणि लोकसंख्या चौदा लाखांच्या आत. या देशाचा हिवाळा मोठा कडक असतो. डिसेंबरात टॅलिन या राजधानीत दिवस जेमतेम सहा तासांचा होतो. १९४० सालच्या जानेवारीत योगेवा या गावी पारा शून्याखाली ४३.५ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. काही वर्षी तर समुद्र असा गोठतो, की मुख्य भूमी आणि बेटे यांच्यामधल्या बर्फावरून वाहनांसाठी रस्ता आखून देतात.

अशा देशातल्या शेतकऱ्याला पूर्वी भर हिवाळ्यात रानातून लाकूड आणावे लागे, बर्फाला भोक पाडून मासे धरावे लागत, घोड्याचा लगाम तासन्‌तास हाती धरावा लागे. ही कामे उघड्या हातांनी होणे शक्य नव्हते. म्हणून हातमोजा ही तेथे हौसेची वस्तू नव्हती. कुऱ्हाड आणि दोर यांच्याइतकीच ती गरजेची होती. परंतु गरजेच्या या वस्तूवर तेथल्या स्त्रियांनी जी नक्षी विणली, तिच्यासाठी आज जगभरचे विणकर एस्टोनियाकडे पाहतात. ही नक्षी कशी तयार होते, ती इतकी वर्षे कशी टिकली, आणि नव्या हातांसाठी तिच्यात बदल करायचा तर तो कोणत्या रीतीने करावा, हे आपण या पाठात पाहू.

प्रथम हातमोज्याची रचना ध्यानात घेऊ. येथे ज्या हातमोज्याविषयी सांगायचे आहे, त्याला पाच बोटांचे पाच कप्पे नसतात. चार बोटांना मिळून एकच पिशवी असते आणि अंगठ्याला तेवढा स्वतंत्र कप्पा असतो. चार बोटे एकत्र राहिली, की ती एकमेकांना ऊब देतात. वेगवेगळी ठेवली, तर प्रत्येक बोट चहूबाजूंनी गारठते. हा हातमोजा मनगटाकडून विणायला सुरुवात करतात. त्यासाठी दोन्ही टोकांना निमुळत्या अशा पाच आखूड सुया लागतात. चार सुयांवर टाके चौकोनात मांडलेले असतात आणि पाचवी सुई विणीत जाते. विणकर गोल गोल फेऱ्या घेत वर चढते. त्यामुळे कोठेही शिवण येत नाही आणि मोज्याची सुलट बाजू सदैव डोळ्यांसमोर राहते.

नक्षी उठते ती दोन रंगांच्या लोकरीने. समजा, एक धागा पांढरा आहे व दुसरा निळा. ज्या टाक्याला निळा रंग हवा, तो निळ्या धाग्याने विणायचा. त्या वेळी पांढरा धागा मागच्या बाजूने आडवा पुढे जातो. पांढऱ्याची पाळी आली, की निळा धागा मागे जातो. अशा रीतीने बाहेर एक चित्र दिसते आणि आत धाग्यांचा दुसरा थर आपोआप तयार होतो. या दोन थरांमध्ये हवा अडकून राहते. अडकलेल्या हवेतून उष्णता सहज बाहेर जात नाही, म्हणून दोन रंगांचा हातमोजा एका रंगाच्या हातमोज्याहून अधिक उबदार असतो. याचा अर्थ असा, की येथे शोभा आणि उपयोग या दोन निराळ्या गोष्टी नाहीत. जी नक्षी डोळ्यांना सुख देते, तीच हाताला ऊबही देते.

मात्र या मागच्या धाग्याचा एक कडक नियम आहे. एकाच रंगाचे पुष्कळ टाके सलग आले, तर दुसऱ्या रंगाचा धागा आत लांबच लांब लोंबतो, आणि हातमोजा घालताना बोट त्यात अडकते. तो धागा ताणून घेतला, तर मोज्याला सुरकुत्या पडतात. म्हणून साधारणतः पाच टाक्यांहून अधिक टाके एका रंगाचे सलग येऊ नयेत. येऊ दिलेच, तर मध्ये दोन्ही धाग्यांना एकमेकांभोवती वेढा द्यावा. जुन्या नमुन्यांकडे पाहिले, तर त्यांत मोठे मोकळे पट्टे क्वचितच आढळतात. बारीक चौकटी, तिरप्या रेघा, लहान चांदण्या यांनी पृष्ठभाग भरलेला असतो. ही दाटी केवळ आवडीची नव्हे. बोट अडकू नये ही सोयही तिच्यामागे आहे.

ही नक्षी कोणी हाताने रेखाटत नाही. ती मोजावी लागते. गणिताच्या चौकड्यांच्या वहीचे एक पान घ्या. प्रत्येक चौकडी म्हणजे एक टाका. काही चौकड्या काळ्या करा, काही कोऱ्या ठेवा, की नमुना तयार झाला. ठिपक्यांची रांगोळी घालताना एक ठिपका चुकला, तर सारी आकृती बिघडते. तसेच येथेही आहे. तिसऱ्या फेरीत एक टाका चुकला आणि ते दहाव्या फेरीत लक्षात आले, तर सात फेऱ्या उसवण्यावाचून गत्यंतर नसते. पूर्वीच्या विणकर स्त्रियांजवळ असे आखलेले कागद बहुधा नसत. आईने विणलेला हातमोजा समोर ठेवायचा, त्यावरचे टाके मोजायचे, आणि तसेच आपल्या सुईवर घ्यायचे, हीच त्यांची पोथी होती.

पोथी हा शब्द येथे सहज आलेला नाही. एस्टोनियन भाषेत नक्षीला ‘किरी’ म्हणतात, आणि त्याच भाषेत पत्र व लिखाण यांनाही ‘किरी’ हाच शब्द आहे. लिहिणे या अर्थाचे क्रियापदही त्याच शब्दापासून आले आहे. म्हणजे तेथल्या लोकांच्या दृष्टीने हातमोज्यावरची नक्षी हे एक प्रकारचे लेखनच होय. या लेखनातील आकृतींना नावेही घरगुती आहेत. एका नमुन्याला ‘मांजराचे पाऊल’ म्हणतात, तर ठिपक्यांच्या एका बारीक नमुन्याला ‘पिसवांची नक्षी’ म्हणतात. आठ टोकांची चांदणी पुष्कळ ठिकाणी आढळते. तिचे नाव ‘आठ टाचा’ असे आहे. प्रत्येक परगण्याची मांडणी, रंग आणि मनगटाची पट्टी यांत काही ना काही वेगळेपण असे. त्यामुळे जाणत्याला हातमोजा पाहून तो कोणत्या भागातला, हे सांगता येई. लिखाण जसे वाचता येते, तसा तो हातमोजा वाचता येत असे.

हे लेखन किती जुने आहे? एस्टोनियातील यौगा या ठिकाणी एका जुन्या थडग्यात विणलेल्या हातमोज्याचा एक तुकडा मिळाला. तो तेराव्या शतकाच्या अखेरीचा किंवा चौदाव्या शतकाच्या आरंभीचा असावा, असे तज्ज्ञ मानतात. उत्तर युरोपात सापडलेल्या विणकामाच्या सर्वांत जुन्या अवशेषांत त्याची गणना होते. महाराष्ट्रात ज्या काळात ज्ञानेश्वरी लिहिली गेली, साधारण त्याच काळात त्या दूरच्या देशात कोणा स्त्रीच्या हातात सुया चालत होत्या.

पुढे हातमोज्यांना लग्नसमारंभात मोठा मान मिळाला. मुली लहानपणीच विणकाम शिकत आणि लग्न होईपर्यंत डझनांनी हातमोजे विणून एका पेटीत जमवीत. आपल्याकडील रुखवताची येथे आठवण होते. मात्र तेथे या वस्तू नुसत्या मांडून दाखवीत नसत, त्या वाटून टाकीत. सासूसासरे, दीरनणंदा, वऱ्हाडाची गाडी हाकणारा, अशा सर्वांना नवरी हातमोजे देई. इतकेच नव्हे, तर नव्या घरातील चूल, विहीर आणि गोठा यांच्यासाठीही ती हातमोजा किंवा विणलेला पट्टा ठेवीत असे. ‘मी या घरात आले आहे, मला सांभाळून घ्या’, अशी जणू ती विनवणीच होती. नवरीच्या अंगी किती चिकाटी आहे आणि तिचा हात किती नेटका आहे, याची साक्ष ते हातमोजे देत.

आता एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. जुने म्हटले, की ते कधीच बदलले नाही, असा आपला समज होतो. तो खरा नव्हे. आरंभी एस्टोनियातील लोकर मेंढीच्या अंगच्याच रंगाची असे. पांढरी, राखी किंवा तपकिरी. रानातील एका वनस्पतीच्या मुळांपासून तांबडा रंग काढीत. गडद निळा रंग मिळे तो बाहेरदेशाहून येणाऱ्या निळीपासून. पुढे १८५६ साली विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाने रसायनांपासून जांभळा रंग तयार केला, आणि त्यानंतर काही दशकांतच नाना प्रकारचे झगझगीत रंग खेड्यापाड्यांच्या दुकानांत पोचले. मुहू नावाच्या बेटावरील स्त्रियांनी ते आनंदाने उचलले. नारिंगी आणि गुलाबी रंगांनी त्यांचे हातमोजे खुलून गेले. आज मुहूचे म्हणून जे रंग ओळखले जातात, त्यांतले अनेक या नव्या रंगांच्या कृपेने आले आहेत. त्या स्त्रियांनी रंग बदलला. पण टाके मोजण्याची शिस्त सोडली नाही. म्हणूनच तो बदल परंपरेत सामावून गेला.

परंतु प्रत्येक बदल असा पचत नाही. गिरण्यांतले कापड आणि कारखान्यातले हातमोजे स्वस्तात मिळू लागले, तसे घरचे विणकाम मागे पडू लागले. लग्नातील वाटपाची चालही हळूहळू लोपली. आजीच्या पेटीतले हातमोजे झिजून गेले, तर त्यांच्याबरोबर त्यांवरील नक्षीही जाणार, हे उघड होते; कारण ती दुसरीकडे कोठेही लिहून ठेवलेली नव्हती. हा धोका काही सुबुद्ध माणसांनी ओळखला. १९०९ साली टार्टू या शहरात एस्टोनियाचे राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झाले. त्याचे कार्यकर्ते परगण्यापरगण्यांतून हिंडले आणि घरोघरच्या जुन्या वस्तू त्यांनी गोळा केल्या. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली संग्रहालयाचा वाडा उद्ध्वस्त झाला; परंतु संग्रह आधीच इतरत्र हलवलेला असल्यामुळे त्याचा बहुतेक भाग वाचला. २०१६ साली संग्रहालयाची नवी भव्य इमारत उघडली. आज तेथील जुन्या हातमोज्यांवरचे टाके मोजून विणकर नवे हातमोजे विणतात.

संग्रहालयात वस्तू टिकते. पण कला टिकते ती हातांत. किहनू नावाच्या छोट्याशा बेटावर ती अशी हातांत टिकली आहे. तेथील पुरुष पूर्वापार समुद्रावर असत आणि घर, शेत व रीतिरिवाज स्त्रिया सांभाळीत. तेथे विणकाम आजही आईकडून मुलीकडे जाते. युनेस्को या जागतिक संस्थेने २००३ साली किहनूच्या लोकजीवनाचा मानवजातीचा अमूल्य वारसा म्हणून गौरव केला. विल्यांडी येथे तर ही पारंपरिक वस्त्रकला महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पद्धतशीर शिकवली जाते. १९९९ साली नॅन्सी बुश या अमेरिकन लेखिकेने एस्टोनियातील विणकामावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि दूरदूरच्या देशांतील लोकही हे नमुने विणू लागले.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. जुना हातमोजा एका विशिष्ट हातासाठी, विशिष्ट लोकरीत विणलेला असतो. आपला हात निराळा आणि आपली लोकरही निराळी. तेव्हा नमुना जशाचा तसा उचलला, तर मोजा हातात बसणार नाही. आणि मन मानेल तसा बदलला, तर नक्षी मोडेल. यातून वाट काढण्यासाठी गणिताची मदत घ्यावी लागते.

एक उदाहरण घेऊ. एका नक्षीची आकृती आठ टाक्यांत पुरी होते आणि मग पुन्हा तीच सुरू होते, असे समजा. आपल्या लोकरीने विणल्यास एका सेंटिमीटरात चार टाके बसतात. हे अंदाजाने ठरवायचे नसते. आधी लहान तुकडा विणून, धुऊन, वाळवून मग मोजायचे असते. पंजाचा घेर अंगठा वगळून मोजावा आणि त्यात थोडा सैलपणा मिळवावा. तो घेर २० सेंटिमीटर आला, तर २० गुणिले ४, म्हणजे ८० टाके हवेत. ८० ला ८ ने भागले, की १० येतात. पाच आकृती पंजाच्या पाठीवर आणि पाच तळहाताकडे, अशी समान वाटणी झाली. लहान मुलाच्या हाताचा घेर १६ सेंटिमीटर असेल, तर ६४ टाके आणि ८ आकृती. हेही सोपे आहे.

पण घेर १८ सेंटिमीटर आला तर? तेव्हा टाके होतात ७२ आणि आकृती ९. नऊ आकृतींचे दोन सारखे भाग कसे पाडणार? शेंड्याला दोन्ही कडांना टाके कमी करत जाताना नक्षी एका बाजूला कापली जाईल. अशा वेळी जाणती विणकर आकृतीला हात लावीत नाही. ती ६४ टाक्यांत आठच आकृती बसवते आणि उरलेल्या आठ टाक्यांचे दोन भाग करून दोन्ही कडांना चार-चार टाक्यांची साधी उभी पट्टी विणते. बत्तीस आणि चार मिळून छत्तीस. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. हातमोजा हाताला बेतशीर झाला आणि आकृतीचा एक टाकाही इकडचा तिकडे झाला नाही.

लोकर जाड असेल, तर अडचण आणखी वाढते. जुने हातमोजे तारेसारख्या बारीक सुयांवर विणलेले असत. एका सेंटिमीटरात पाच-सहा टाकेही बसत. आपल्या जाड लोकरीत दोनच टाके बसत असतील, तर २० सेंटिमीटरच्या घेराला फक्त ४० टाके मिळतात आणि पंजाच्या पाठीवर येतात वीस. चोवीस टाक्यांची मोठी चांदणी तेथे मावणारच नाही. तिचे चार टाके कापून ती कशीबशी कोंबण्यापेक्षा त्याच परगण्यातील एखादी लहान नक्षी निवडावी, हे उत्तम.

अंगठ्याच्या जागीही असाच विचार लागतो. पंजा विणत अंगठ्यापर्यंत आले, की तेवढे टाके एका निराळ्या धाग्यावर काढून ठेवतात आणि वर तितकेच नवे टाके घालून पुढे विणतात. मागाहून ते टाके उचलून अंगठा विणतात. अंगठ्यावरची नक्षी पंजावरच्या नक्षीशी अशी जुळवतात, की अंगठा पंजाला टेकवला, म्हणजे तो वेगळा दिसू नये. उजव्या आणि डाव्या मोज्यात अंगठ्याच्या जागा उलटसुलट येतात, हेही विसरून चालत नाही. रंग आपल्या आवडीचे घ्यावेत. परंतु एक फिका आणि एक गडद असावा. डोळे अर्धवट मिटून पाहिले असता दोन्ही रंग एकसारखे वाटले, तर नक्षी वाचता येणार नाही असे समजावे.

या साऱ्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जुन्या वस्तूत बदल करण्याचा अधिकार आपल्याला आहे. मात्र ती वस्तू तशी का केली होती, हे आधी समजून घेतले पाहिजे. मोकळे पट्टे का नाहीत, आकृती आठच टाक्यांत का पुरी होते, कडेला पट्टी का आहे, हे ज्याला कळले, तो रंग बदलेल, आकार बदलेल, हातमोज्यावरची नक्षी टोपीवरही नेईल. तरी नक्षी नक्षीच राहील. ज्याला ते कळले नाही, त्याने एकच टाका बदलला तरी बोट धाग्यात अडकेल. आणि नमुना कोणत्या परगण्यातून घेतला, हे सांगण्यास कधी चुकू नये. कारण ज्यांनी तो आपल्यापर्यंत पोचवला, त्या स्त्रियांची नावे बहुतेक ठिकाणी उरलेली नाहीत. त्यांची अक्षरे तेवढी उरली आहेत. ती अचूक वाचावीत, आणि मग आपल्या हाताच्या मापाने पुढची ओळ लिहावी.

शब्दार्थ

परगणा – देशाचा लहान विभाग. फेरी – गोल विणताना पुरा झालेला एक वेढा. उसवणे – विणलेले टाके सोडवणे. रुखवत – लग्नात वधूपक्षाकडून मांडल्या जाणाऱ्या वस्तू. बेतशीर – मापात बसणारा. गत्यंतर – दुसरा उपाय.

स्वाध्याय

१. दोन रंगांचा हातमोजा एका रंगाच्या हातमोज्याहून अधिक उबदार का असतो?
२. ‘किरी’ या शब्दाचे अर्थ सांगून लेखकाने हातमोज्याला पोथीची उपमा का दिली, ते लिहा.
३. मुहू बेटावरील स्त्रियांनी केलेला बदल परंपरेत का सामावला?
४. हाताचा घेर २२ सेंटिमीटर असून एका सेंटिमीटरात चार टाके बसतात. नक्षी आठ टाक्यांची आहे. टाक्यांची वाटणी कशी कराल, ते आकडेमोड करून दाखवा.
५. चौकड्यांच्या वहीत आठ चौकड्या रुंदीची एक नक्षी तयार करा. एका ओळीत एकाच रंगाच्या पाचांहून अधिक चौकड्या सलग येऊ देऊ नका. आठव्या चौकडीनंतर पुन्हा पहिली चौकडी येते, हे ध्यानात ठेवा.
६. तुमच्या घरातील एखादी हाताने केलेली जुनी वस्तू पाहा. ती तशीच का केली असावी, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.